वाचक विचारतात : विषाणूचं गाव कोणतं?

गेल्या अंकात मी करोनाच्या जिनोम सिक्वेन्सिंगवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. विषाणूच्या जनुकांतली अक्षरं वाचून साथ कुठून कुठे गेली याचा माग कसा काढतात, एवढाच त्याचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. साथीच्या काळात मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेण्यापासून ते यंत्रावर चढवण्यापर्यंतचं काम पाहायचे. तेव्हा ही उत्तरं त्या टेबलावरची आहेत. धोरणं ठरवणारी मंडळी वेगळी.

प्रश्न : मी अमरावतीची निवृत्त शिक्षिका. फेब्रुवारी २०२१मध्ये आमच्याकडे रुग्ण एकाएकी वाढले, टाळेबंदी लागली, आणि मग टीव्हीवर 'डबल म्युटंट' सुरू झालं. मुंबईची माझी नणंद आजही म्हणते, "डेल्टा तुमच्याच गावचा." खरं काय?

नणंदबाईंनी दोन गोष्टींची खिचडी केली आहे. एखादा व्हेरियंट पहिल्यांदा डोळ्यात भरला ते ठिकाण आणि तो जिथे तयार झाला ते ठिकाण, ही एकच असतील असं नाही. बहुतेक वेळा नसतातच.

आधी तारखा पाहू. अमरावती शहर आणि अचलपुरात २२ फेब्रुवारी २०२१ला टाळेबंदी लागली. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल असलेल्यांचं प्रमाण डिसेंबरपासून वाढत गेलं आहे, आणि असे नमुने साधारण १५ ते २० टक्के आहेत. दोन बदल, म्हणून 'डबल म्युटंट'. प्रत्यक्षात त्या विषाणूत वूहानच्या मूळ अक्षरक्रमापेक्षा डझनभर तरी बदल होते. दोघांना प्रसिद्धी मिळाली, बाकीचे घरी बसले.

आता गंमत अशी, की ज्या डेल्टाने पुढे जग पालथं घातलं त्याच्यात ई४८४क्यू नाहीच. बी.१.६१७ या घराण्याच्या तीन शाखा. पहिली बी.१.६१७.१, म्हणजे कप्पा. तिच्यात ते दोन्ही बदल आहेत. दुसरी बी.१.६१७.२, ती डेल्टा. तिच्यात एल४५२आर आहे, पण ई४८४क्यूऐवजी टी४७८के हा वेगळा बदल आहे. तिसरी शाखा फारशी फोफावली नाही. म्हणजे 'डबल म्युटंट' हे नाव गाजलं एका भावामुळे आणि चिकटलं दुसऱ्याला.

जन्मगावाचं काय? कप्पा आणि डेल्टा या दोन्हींचे नोंद झालेले सर्वांत जुने नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२०मधले आहेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची नोंद आहे. अमरावतीत गर्दी झाली त्याच्या चार महिने आधीचे. मधल्या काळात तो कुठे कुठे हिंडला? इथे घोडं पेंड खातं. देशातल्या प्रयोगशाळांना या कामासाठी एकत्र आणणारं 'इन्साकॉग' हे जाळं उभं राहिलं डिसेंबर २०२०च्या अखेरीस, सुरुवातीला दहा प्रयोगशाळांचं. आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं ब्रिटनहून येणाऱ्या प्रवाशांकडे, कारण तिकडे अल्फा हा व्हेरियंट सापडला होता. विमानतळाकडे डोळे लावून बसलो असताना घरच्या अंगणात काय वाढतंय याचे नमुने फार थोडे वाचले गेले.

नातं कसं ठरवतात, हेही सांगते, म्हणजे वरचं म्हणणं पटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ला सुरू झालेलं ते काम १९६६ला संपलं. देशभरातून हस्तलिखितं जमवली आणि ताडून पाहिली. अशा कामात कुठल्या दोन पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या हे ओळखायला नकलेतल्या समान चुका फार कामी येतात. दोन लेखनिकांनी आपापलं लिहिताना नेमक्या त्याच ओळीत नेमकी तीच चूक करावी, हे सहसा घडत नाही. विषाणूही शरीरात स्वतःची नक्कल करतो आणि अधूनमधून एखादं अक्षर चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. आम्ही त्या चुका जुळवतो आणि वंशवृक्ष काढतो. फरक एवढाच की भांडारकरांनी पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंतच्या मिळवल्या. आमच्याकडे ऑक्टोबर ते जानेवारीतल्या बऱ्याचशा पोथ्या कोणी उतरवूनच घेतल्या नव्हत्या. ज्या जिल्ह्यातून नमुने आले तो जिल्हा झाडावर दिसतो. शेजारचा जिल्हा कोरा दिसतो, याचा अर्थ तिथे विषाणू नव्हता असा होत नाही.

तेव्हा नणंदबाईंना सांगा, अमरावतीकडे त्या दिवसांत कोणीतरी नीट पाहिलं, म्हणून ते नाव पुढे आलं. गावांची आणि देशांची नावं चिकटू नयेत म्हणूनच ३१ मे २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं आणली. टोमणे काही त्यामुळे थांबले नाहीत, ते तुमच्या पत्रावरून दिसतंच.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिल २०२१मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर घरातले बहुतेक सगळे पॉझिटिव्ह आले. सासूबाई आजही धाकट्या जावेला बोल लावतात, कारण ती मुंबईहून आली होती. सगळ्यांचे रिपोर्ट मी जपून ठेवलेत. जिनोम तपासून एकदाचा निकाल लागेल का? (एक वाचक, बार्शी)

रिपोर्ट जपलेत ते ठीक, पण कागदावर विषाणू नसतो. नमुने त्या काळात काही ठरावीक मुदत ठेवून नष्ट केले जात. पण समजा तुमच्या घरच्या सगळ्या नळ्या आज माझ्यासमोर असत्या, तरी मी सासूबाईंना हवं ते लिहून दिलं नसतं. कारण सांगते.

करोनाच्या जनुकक्रमात जवळजवळ ३० हजार अक्षरं आहेत; वूहानचा जो संदर्भक्रम आम्ही वापरतो त्यात २९,९०३. त्यात साधारण महिन्याला दोन बदल टिकून राहतात, म्हणजे पंधरवड्याला एक. आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायला पाच-सहा दिवस पुरे. म्हणजे दोन-तीन माणसं ओलांडून गेला तरी विषाणूचा क्रम अक्षरशः जसाच्या तसा असू शकतो. तुमच्या घरातल्या सगळ्यांचा क्रम एकच आला असता, आणि मग? जावेने आणला, की मांडववाल्याने, की मुलाकडच्या पाहुण्यांपैकी कोणी, हे त्यावरून कळत नाही. एकच क्रम त्या आठवड्यात अख्ख्या तालुक्यात असू शकतो.

उलटं मात्र करता येतं. जावेचा क्रम बाकीच्यांहून सात-आठ अक्षरांनी वेगळा निघाला असता, तर तिच्यापासून लागण झाली नाही हे मी छातीठोकपणे सांगितलं असतं. जिनोम आरोप सिद्ध करण्यात कच्चा आहे, आरोपातून सुटका करण्यात पक्का.

तज्ज्ञांचंही यात काय होतं ते पाहा. अमेरिकेतला पहिला नोंदलेला रुग्ण वॉशिंग्टन राज्यातला, वूहानहून परतलेला; जानेवारी २०२०चा. फेब्रुवारीअखेर त्याच काउंटीत प्रवास न केलेला आणखी एक रुग्ण सापडला. विषाणूंचे वंशवृक्ष काढणारे तिथले शास्त्रज्ञ ट्रेव्हर बेडफर्ड यांनी दोन्ही क्रम ताडले. दुसरा पहिल्यापासूनच निघालेला दिसत होता, फक्त थोडे बदल जास्त. त्यांनी २९ फेब्रुवारीला जाहीर केलं की विषाणू या भागात सहा आठवडे गुपचूप पसरतो आहे. बरोबर वेळेला दिलेला इशारा होता तो. पण त्याच वर्षी पुढे मायकल वोरोबी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी आणखी नमुने घेऊन पुन्हा पाहिलं, आणि जास्त शक्यता अशी दिसली की पहिल्या रुग्णाची साखळी तिथेच तुटली होती. मोठी साथ दुसऱ्याच कोणीतरी नंतर आणलेल्या, जवळजवळ तशाच विषाणूची होती. साथ गुपचूप पसरत होती हे खरं, फक्त ज्याच्या नावावर ती लिहिली तो माणूस बहुधा निर्दोष. सासूबाईंना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा.

मग साखळी खरोखर लागते कधी? जिनोमला बाहेरचा साक्षीदार मिळाला की. न्यूझीलंडचं एक प्रकरण मला फार आवडतं. ऑगस्ट २०२०मध्ये दिल्लीहून फिजीमार्गे एक विमान ख्राइस्टचर्चला उतरलं. सगळे प्रवासी चौदा दिवस हॉटेलात विलगीकरणात. त्यातला एक जण दोनदा निगेटिव्ह येऊन, मुदत संपवून, दुसऱ्या विमानाने ऑकलंडला गेला आणि नंतर पॉझिटिव्ह निघाला. मग त्याच्या घरचे, आणि विमानात त्याच्या जवळ बसलेला प्रवासी. सगळ्यांचे क्रम एकाच गुच्छातले. त्याला लागण हॉटेलातच झाली हे दिसत होतं, पण कशी? आधी संशय कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर गेला, कारण त्याने आणि हॉटेलातल्या दुसऱ्या एका बाधित प्रवाशाने, दोघांनी त्याला हात लावला होता. पुढे सीसीटीव्ही बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की स्वॅब घ्यायला त्या बाधिताच्या खोलीचं दार उघडून मिटलं आणि मिनिटभराच्या आत शेजारच्या, याच्या खोलीचं उघडलं. मधे कोंदट, हवा न खेळणारा कॉरिडॉर. डबा बहुधा सुटला. जिनोमने वर्तुळ लहान केलं. पुढचं काम आसनांच्या तक्त्याने, दाराच्या वेळांनी आणि तासन्‌तास चित्रण पाहणाऱ्या माणसांनी केलं.

तुमच्या लग्नात सीसीटीव्ही नव्हता हे बरंच झालं म्हणते मी.

प्रश्न : माझा आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह होता. मला कोणता व्हेरियंट झाला हे विचारलं तर लॅबने उडवून लावलं. लपवण्यासारखं काय आहे? (एक वाचक, नाशिक)

लपवालपवी नाही. आरटी-पीसीआर फक्त विषाणूच्या दोन-तीन ठरावीक जागा आहेत की नाहीत ते पाहते. अख्खं वाचन वेगळं, महाग आणि वेळखाऊ. ते पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी अगदी थोड्यांचं व्हायचं. त्यातही सीटी व्हॅल्यू कमी असलेले निवडायचे. सीटी म्हणजे विषाणू दिसायला यंत्राला किती फेऱ्या माराव्या लागल्या. दर फेरीला दुप्पट. २५ आणि ३५ यांत दहा फेऱ्यांचा फरक, म्हणजे दुसऱ्या नळीत विषाणू हजारपट कमी. तसल्या नळीतून ३० हजार अक्षरं धड निघत नाहीत. शिवाय निकाल येईतो तुम्ही बरे होऊन कामावर गेलेले असता, आणि व्हेरियंट कळल्याने तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या काही बदलणार नव्हत्या.

प्रश्न : मी लातूरला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात 'सिक्वेन्सिंग केले जाते' एवढंच आहे. तुम्ही प्रत्यक्ष काय करता?

शाबास. 'केले जाते' या क्रियापदाचा मलाही राग आहे.

सकाळी थर्माकोलचे डबे येतात. चिकटपट्टी कापायची, आइस पॅक अजून थंड आहेत का ते हाताने पाहायचं. आत तीन पदरी पॅकिंग, त्यात व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या नळ्या. गुलाबी पाणी, त्यात स्वॅबची मोडलेली काडी. काही नळ्या गळलेल्या असतात, त्या बाजूला. यादीवरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक जुळवायचा. हे काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. पुढे यंत्र कितीही भारी असो, नळीची अदलाबदल झाली की यंत्र चुकीच्या माणसाचा अचूक क्रम काढून देतं.

मग आरएनए वेगळा करायचा. हा विषाणू आरएनएचा, आणि आरएनए फार नाजूक. टेबल पुसताना आळस केला तरी नासतो. म्हणून त्याची लगेच डीएनएत नक्कल करून घ्यायची. आता ३० हजार अक्षरांचा सलग धागा एका दमात वाढवता येत नाही. त्यासाठी 'आर्टिक' नावाची पद्धत जगभर वापरली गेली. जिनोमचे सुमारे चारशे अक्षरांचे तुकडे पाडायचे, शेजारचे तुकडे टोकाशी एकमेकांवर चढलेले. प्रत्येक तुकड्याला दोन बाजूंनी प्रायमर, म्हणजे नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे. त्या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा ९८ जोड्या होत्या. शेजारशेजारचे तुकडे एका नळीत वाढवले तर एकमेकांत अडकतात, म्हणून विषम क्रमांक एका नळीत, सम दुसऱ्या. शेवटी दोन्ही एकत्र. मग प्रत्येक रुग्णाच्या तुकड्यांना वेगळा बारकोड जोडायचा. हा छापील बारकोड नव्हे; डीएनएचीच छोटी चिठ्ठी. त्यामुळे कितीतरी रुग्णांचं मिश्रण एकदम यंत्रावर चढवता येतं आणि नंतर संगणक ते वेगळं करतो.

यंत्रातून येतो तो तुकड्यांचा ढीग. तो वूहानच्या क्रमावर रचायचा, प्रत्येक जागेवर किती वाचनं आली ते पाहायचं, आणि बहुमताने अक्षर ठरवायचं. जिथे पुरेशी वाचनं नाहीत तिथे 'एन' लिहायचं. 'एन' म्हणजे माहीत नाही. विद्यार्थी 'एन'कडे दुर्लक्ष करतात. तू करू नकोस. आम्हाला डेल्टाने तो धडा दिला. त्याच्यातले काही बदल नेमके प्रायमर चिकटतात तिथेच होते. परिणामी ७२व्या क्रमांकाचा तुकडा वाढायचाच नाही, आणि तिथे ओळीने 'एन'. स्पाइकमधला, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रथिनातला, जी१४२डी हा बदल त्याच तुकड्यात. त्यामुळे जगभरच्या कित्येक क्रमांत तो दिसायचा नाही, आणि नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटायचं की बदल येतोय नि जातोय. विषाणूत तो होताच, आमचं जाळं तिथे फाटलेलं होतं. जून २०२१मध्ये प्रायमरची चौथी आवृत्ती आली तेव्हा ते भोक बुजलं. जुने प्रायमर ज्यांच्या फ्रीजमध्ये उरले होते त्यांनी ते संपेपर्यंत वापरले, हेही खरं. परदेशी रसायनं फेकून द्यायला हात धजावत नाही.

तयार क्रम 'जीआयएसएआयडी'सारख्या आंतरराष्ट्रीय संग्रहात जातो. ती मूळची फ्लूच्या विषाणूंसाठी २००८मध्ये सुरू झालेली सोय; करोनाचे तिथे कोटीहून जास्त क्रम जमले. पुढे 'नेक्स्टस्ट्रेन'वर त्यांची रंगीत झाडं दिसतात. ती बघच, मोफत आहेत. पण कोणत्याही फांदीवर बोट ठेवण्याआधी त्या देशातून किती नमुने आले ते तपास.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. ओमायक्रॉन इथल्या शास्त्रज्ञांनी शोधला आणि जगाने दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. याची इथे अजून चीड आहे. तुम्हाला काय वाटतं?

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं वाटतं. नोव्हेंबर २०२१मध्ये तुमच्या गौतेंग प्रांतातल्या लॅबमधल्या लोकांना साध्या पीसीआरमध्येच काहीतरी खटकलं. तीन जागा पाहणाऱ्या किटमध्ये दोन लागायच्या, स्पाइकची तिसरी गायब. स्पाइकमधली ६९ आणि ७० ही स्थानं गळाली की असं होतं, आणि तेव्हा सगळीकडे असलेल्या डेल्टात ती सहसा गळालेली नसतात. म्हणजे हा दुसराच कोणीतरी. त्यांनी असे नमुने लगेच पूर्ण वाचले, २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २६ला ओमायक्रॉन हे नाव पडलं. इतक्या झटपट कामाची पोचपावती म्हणून विमानं बंद. नंतर नेदरलँड्समध्ये जुने नमुने काढून पाहिले, तर १९ नोव्हेंबरच्या नमुन्यात ओमायक्रॉन होता. बंदी येण्याआधीच पाहुणा माजघरात.

आपल्याकडेही २ डिसेंबरला कर्नाटकात देशातले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, त्यातल्या एकाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. दोनच दिवसांनी महाराष्ट्रातला पहिला, डोंबिवलीचा. तो केप टाऊनहून दुबई-दिल्लीमार्गे आला होता. त्याच्या नावाने किती बोंब झाली आठवतं? बंगळुरूच्या त्या प्रवास न केलेल्या माणसाचा अर्थ मात्र फार थोड्यांनी लावला.

बंदीने एक वाईट गोष्ट केली. पुढच्या वेळी कुठल्यातरी देशातली लॅब नवं काही दिसल्यावर अपलोडचं बटण दाबण्याआधी मंत्रालयाला फोन लावेल.

प्रश्न : विषाणू प्रयोगशाळेत बनवला की नाही, हे जिनोमवरून एकदाचं सांगा ना! (एक वाचक, कणकवली)

एकट्या जिनोमवरून 'एकदाचं' नाही सांगता येत. वटवाघळांतले जे जवळचे नातेवाईक सापडलेत, चीनच्या युनान प्रांतातला आरएटीजी१३ आणि लाओसमधला बनाल-५२, ते साधारण ९६ ते ९७ टक्के जुळतात. ऐकायला फार वाटतं, पण तीन-चार टक्के म्हणजे हजारभर अक्षरं, आणि वर सांगितलेल्या वेगाने ते काही दशकांचं अंतर. म्हणजे हे चुलत-चुलते. बाप यांतला कोणी नव्हे. माझा स्वतःचा कल प्राण्यांकडून माणसात आल्याकडे आहे. पण मधल्या दुव्यांचे नमुने मिळाले नाहीत तोवर वाद चालू राहणार, आणि ते मिळायची वेळ बरीचशी निघून गेली आहे.

प्रश्न : आता कोणी टेस्टच करत नाही. मग नवा व्हेरियंट आला तर कळणार कसा? (एक वाचक, पुणे)

गटारातून. करोनाग्रस्त माणसाच्या विष्ठेतूनही विषाणूचे अंश पडतात, मग तो डॉक्टरकडे जावो न जावो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातल्या विषाणूवर चांगलं काम केलं आहे. अडचण अशी की तिथे हजारो लोकांचा विषाणू एकत्र येतो, तोही तुकड्यांत. टक्केवारीचा अंदाज निघतो, माणूस सापडत नाही. दवाखान्यातले नमुने त्यासाठी लागतातच. डिसेंबर २०२३मध्ये जेएन.१ या ओमायक्रॉनच्या उपप्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण सिंधुदुर्गात सापडला, तो कोणीतरी स्वॅब घेतला म्हणून.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक आहे. साथीत दर नमुन्यामागे एवढा मोठा फॉर्म : तारीख, पत्ता, प्रवास, लस, लक्षणं. रात्री जेवण सोडून भरायचो. मॅडम, खरं सांगा, कोणी वाचतं का ते?

दादा, आम्ही आधी तेच वाचतो. क्रम नंतर.

तुमच्या फॉर्मशिवाय आमच्याकडे असतात २९,९०३ अक्षरं आणि एक नळी. ती नळी कधीची, कुठली, काही नाही. वंशवृक्षाला काळाची पट्टी लागते ती तुमच्या तारखेने. नमुना घेतल्याची तारीख हवी. डबा भरल्याची किंवा आम्हाला मिळाल्याची नको. एका जिल्ह्यातून आमच्याकडे सगळ्या फॉर्मवर एकच तारीख घातलेला गठ्ठा आला होता, कुणीतरी बसून एका बैठकीत भरलेला. क्रम उत्तम निघाले, आणि कोणता आधी, कोणता नंतर, हे शोधण्यासाठी ते निरुपयोगी ठरले. महिना अंकात लिहिताना तर फारच जपा. १/२ ही एक फेब्रुवारी की दोन जानेवारी? महिन्याला दोन बदल होतात तिथे एवढा घोळ झाडाची फांदी वाकवायला पुरतो. 'फेब्रुवारी' असं अक्षरात लिहा.

गावाच्या नावापुढे तालुका लिहाच. 'वडगाव' एवढंच लिहिलं तर महाराष्ट्रात मी कुठे कुठे शोधू? पिंपळगावचंही तेच. प्रवासाच्या रकान्यात लोक 'नाही' लिहून मोकळे होतात, कारण प्रवास म्हणजे विमान असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारा : पंधरा दिवसांत लग्नाला, बाजाराला, तेराव्याला कुठे गेला होतात? कापूस घेऊन जिनिंगला गेला होतात का? ऊसतोडीहून परत आलात का? आम्हाला दोन लांबच्या तालुक्यांत एकच क्रम दिसतो आणि मधे काहीच धागा सापडत नाही, तेव्हा तो धागा बहुतेक अशा न विचारलेल्या प्रश्नात असतो. लस घेतली असेल तर कोणती, किती डोस, शेवटचा कधी. मोबाइल नंबर रुग्णाचाच घ्या. शिबिरात सगळ्यांना सरपंचांचा नंबर लावलेले फॉर्मही मी पाहिले आहेत, आणि सरपंचांना फोन करून करून त्यांची झोपमोड केलेली आहे.

आणि नळीवर बॉलपेनने लिहू नका. डबा उतरवल्यावर आम्ही नळ्या स्पिरिटने पुसतो, त्यात अक्षर जातं. जाड कागदी लेबल, त्यावर पक्का मार्कर, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. लेबल झाकणावर नको, नळीच्या अंगावर, कारण झाकणं अदलाबदल होतात.